वह्या भरल्या, तोंड उघडत नाही: बायकांना बोलतं इंग्रजी शिकवायचं कसं?

सुरसागरकाठ
नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण नीट सांगते.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याची पुढची खोली रिकामीच असते. जुलैपासून तिथे मंगळ, गुरू, शनी दुपारी ३ ते सव्वाचार बायकांचा इंग्रजीचा वर्ग घेते. फी नाही. नऊ जणी येतात, चौघी मराठी, पाच गुजराती. सगळ्यात धाकटी ३४ ची, सगळ्यात मोठ्या ६८ च्या.

एकीचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे. पालकसभेला बाई फक्त इंग्रजीत बोलल्या, हिनं काही न कळता सही केली आणि घरी येऊन रडली. दुसरी ब्लाऊज शिवते, तिला आता मकरपुऱ्याकडे राहणाऱ्या परप्रांतीय गिऱ्हाइकांचे फोन येतात. आणि ६८ च्या काकू. त्यांचा नातू कॅनडात ब्रॅम्प्टनला, पाच वर्षांचा. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. काकू म्हणाल्या, "तो काहीतरी विचारतो, मी हसते. तो परत विचारतो, मी परत हसते. मग तो फोन बापाच्या हातात देतो." हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

पहिला दीड महिना मी मला ठाऊक होतं तसं शिकवलं. फळ्यावर काळांचा तक्ता, क्रियापदांची तीन तीन रूपं. सगळ्यांच्या वह्या सुरेख भरल्यात, लाल शाईनं अधोरेखित केल्यात. गेल्या शनिवारी मी सहज विचारलं, "व्हॉट डिड यू कुक टुडे?" नऊच्या नऊ जणी वहीत बघायला लागल्या. डाळ-भात म्हणायलाही कुणी तोंड उघडलं नाही.

माझं कुठे चुकतंय? आणि दुसरं, वर्गात मराठी-गुजराती पूर्ण बंद करावी का? बरेच जण तसं सांगतात.

मांजलपूरकर
ताई, आधी तुम्हाला नमस्कार. असा वर्ग फुकट घेणं सोपं नाही.
माझं मत स्पष्ट आहे, मराठी बंद करा. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. मी नोकरीनिमित्त चेन्नईला गेलो तेव्हा तिथे ना मराठी चाले ना हिंदी. सहा महिन्यांत इंग्रजी बोलायला लागलो.

खमंग
मांजलपूरकर, तुम्ही गेलात तेव्हा पदवीधर होता. शाळेत सहा-सात वर्षं इंग्रजी वाचलेलं होतं, फक्त वापरलं नव्हतं. या काकूंचं तसं नाही. पोहता न येणाऱ्याला एकदम विहिरीत ढकललं तर तो आधी घाबरतो.

आमच्या ऑफिसात एक पेटी ठेवली होती. इंग्रजीखेरीज शब्द काढला की पाच रुपये टाकायचे. पंधरा दिवसांत पेटीत फारसं काही पडलं नाही, कारण जेवणाच्या सुट्टीत लोक बोलेनासेच झाले. साहेबांनी स्वतःच पेटी उचलली.

निशिगंध
मी आयेल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाणारी मुलं देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेतल्या, बोलण्याच्या भागाची तयारी करून घेते, अलकापुरीत. तिथला अनुभव सांगते, उलट्या बाजूनं उपयोगी पडेल.

ती परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, समोर एक परीक्षक. मधल्या भागात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. मुलं पन्नास पन्नास कार्डांची उत्तरं पाठ करून येतात. "माझी आवडती व्यक्ती" धडाधडा म्हणतात. परीक्षकानं मध्येच "तुझे आजोबा सकाळी काय करतात?" असं साधं काही विचारलं की गाडी थांबते. म्हणजे जीभ इंग्रजी झालेली असते, पण तिच्यावर स्वतःचं काही नसतं.

तुमच्या वह्यांचं तेच झालंय ताई. तक्ता त्यांचा नाही, तुमचा आहे. त्यांची स्वतःची वाक्यं द्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला फक्त दहा वाक्यं हवीत आणि ती प्रत्येकीची वेगळी हवीत. ब्लाऊजवाल्या ताईंना "व्हेन डू यू वॉन्ट इट?" हवं. काकूंना "डिड यू ईट?" हवं. बाकी नंतर.

आणि सगळ्यांत आधी एकच वाक्य पक्कं करून घ्या: "सॉरी, प्लीज से इट अगेन. स्लोली." बोलताना अडलं की हात धरायला एवढं हवंच. हे नसलं की माणूस हसून वेळ मारून नेतो, तुमच्या काकूंसारखा.

शेवउसळ
काकूंचं वाचून पोटात कालवलं. धागा हलका करायला एक: आमच्याकडे पाहुणे आले, वडील मोठ्या उत्साहानं म्हणाले, "प्लीज सिट इन द होल, आय विल ब्रिंग स्नेक्स." अर्थातच हॉल आणि स्नॅक्स. पाहुणे दारातच थबकले :)
ताई, उच्चारांवरही लक्ष द्या. गुजराती मंडळींच्या बोलण्यात बऱ्याचदा बॅट आणि बेट, हॉल आणि होल वेगळे राहत नाहीत.

प्राची_ब
शेवउसळ, गोष्ट गमतीची आहे, पण या वर्गात सांगू नका, हात जोडून सांगते.

माझी आई वाघोडिया रोडला भाजीवाल्याशी, बँकेत, सगळीकडे धडाडीनं बोलायची. मी आणि भाऊ इंग्रजी शाळेत. ती एकदा बेकरीत "गिव्ह मी वन डझन पेस्टरी" म्हणाली आणि आम्ही दोघं दुकानातच फिदीफिदी हसलो. मी तेव्हा बारा वर्षांची. त्या दिवसानंतर आईनं आमच्यासमोर इंग्रजीचा एक शब्द काढला नाही. आज ती ६१ ची आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी इंग्रजीत काही विचारलं की ती माझ्याकडे बघते. मी उत्तर देते आणि दर वेळी ती बेकरी आठवते.

पेस्टरी म्हटलं म्हणून काही अडलं नव्हतं हो. दुकानदारानं पेस्ट्री बरोबर दिली होती.

शेवउसळ
प्राचीताई, पटलं. वडिलांची गोष्ट मी पुन्हा सांगणार नाही.

जुनाबडोदेकर
बडोद्यात बसून ही चर्चा चाललीय म्हणून दोन जुन्या गोष्टी सांगतो. अवांतर वाटलं तर माफ करा, पण आहेत विषयाच्याच.

महाराज सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतकऱ्याघरचा मुलगा. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या चारही भाषा इथे येऊन शिकले. शिक्षक होते इलियट साहेब. १८८१ साली राज्याची सूत्रं हातात आली. म्हणजे मोजून सहा वर्षं. याच माणसानं १८९३ साली अमरेलीकडे सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ पासून तो राज्यभर नेला, लोकांच्या भाषेतून.

दुसरी गोष्ट अरविंद घोषांची. ते १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत आले, पुढे बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत. वडिलांनी लहानपणापासून इंग्रजीत वाढवलेले, सात वर्षांचे असताना विलायतेला पाठवलेले. इंग्रजी उत्तम, पण बंगाली बोलता येत नव्हतं! स्वतःची मातृभाषा ते बडोद्यात राहून मोठेपणी शिकले, बंगाली लेखक दिनेंद्रकुमार राय त्यांना सोबत करायला इथे येऊन राहिले होते. राय त्यांना धडे कमी देत, गप्पा जास्त मारत असं मला वाटतं, सोबत म्हणजे तेच.

ताईंच्या काकूंना ६८ व्या वर्षी हे जमेल का, ही शंका कुणाच्या मनात असेल तर ती काढून टाका.

खमंग
जुनाबडोदेकर, वाचनखूण साठवली. कमाटीबागेतल्या घोडागाडीवाल्यांच्या वेळेपासूनचं तुम्हाला कसं ठाऊक असतं?

जुनाबडोदेकर
मांडवीत आयुष्य काढलंय आणि सेंट्रल लायब्ररीत दुपारी काढल्यात. दुसरं काही नाही.

रेवाकाठ_इंदूर
इंदूरहून लिहितेय. आमच्याकडे लोकमान्यनगरात मी असाच वर्ग चार वर्षं घेतला, त्यामुळे राहवलं नाही. मराठी बंद करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, आणि माझं कारण भावनेचं नाही. फळ्यावरचं एक उदाहरण देते.

मला ताप आहे. माझ्याकडे छत्री आहे. मला दोन मुली आहेत. मला वेळ आहे. माझं डोकं दुखतंय. या पाच वाक्यांमध्ये "मी" एकाही ठिकाणी नाही, बघा. कुठे मला, कुठे माझ्याकडे, कुठे माझं. आपल्या भाषेत गोष्टी आपल्याकडे येतात, आपल्याला होतात. इंग्रजीत मात्र सगळीकडे माणूस पुढे उभा राहतो आणि धरून ठेवतो: आय हॅव अ फीव्हर, आय हॅव ॲन अंब्रेला, आय हॅव टू डॉटर्स, आय हॅव टाइम, आय हॅव अ हेडेक. एकच "हॅव". तुमच्या गुजराती बायकांनाही हेच लागू आहे, "मारी पासे छत्री छे", "मारे बे दीकरी छे". "हॅव"ला चपखल बसणारं क्रियापद दोघींकडे नाही.

आता हे इंग्रजीतून समजावून बघा, दोन तास जातील. मराठीतून पाच मिनिटांत कळतं आणि बायका चकित होऊन एकमेकींकडे बघतात. एका किल्लीनं पाच कुलुपं निघाली की त्यांना स्वतःलाच वाक्यं सुचायला लागतात. आमच्या वर्गात एक मावशी लगेच म्हणाली, "आय हॅव सासू." आम्ही टाळ्या वाजवल्या.

समजावणं मराठीत, सराव इंग्रजीत. माझा नियम एवढाच.

मांजलपूरकर
रेवाताई, हे "हॅव"चं मला चाळीस वर्षांत कुणी असं दाखवलं नाही. मत थोडं हललं. पण सराव मात्र पूर्ण इंग्रजीतच झाला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

रेवाकाठ_इंदूर
मांजलपूरकर, त्यावर आपलं भांडण नाहीच :)

गोळे_मास्तर
मी ३६ वर्षं इंग्रजी शिकवलंय आणि इथे व्याकरणाला जो धक्का बसतोय तो बघवत नाही. "ही गो, शी गो" बोलणाऱ्या बायका तयार करून काय साधणार? पाया कच्चा ठेवून वर मजले चढवत नाहीत. तक्ता चुकीचा नाही, ताई. धीर धरा.

निशिगंध
मास्तर, आदर ठेवून सांगते. "गोज"मधला तो "ज" शिकणाऱ्याच्या बोलण्यात फार उशिरा बसतो, तुम्ही पहिल्या दिवशी शिकवा नाहीतर शंभराव्या. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांचं बोलणं तपासलं, तेव्हा साधारण एकच क्रम दिसला: "कुकिंग"मधलं "इंग" लवकर येतं, "गोज"चा "ज" शेवटाकडे. नियम वहीत असतो, जिभेवर यायला वेळ लागतो. मग त्यासाठी दोन महिने गप्प का बसवायचं?
माझ्याकडे येणाऱ्या इंजिनिअर मुलांच्या बोलण्यातही तो "ज" गळतो.

गोळे_मास्तर
तो क्रम मी वाचलेला नाही, पण तो "ज" गळतो हे खरं, मीही रोज पाहिलंय. तरीही व्याकरण मागून का होईना, आलंच पाहिजे. चूक कधीच सांगितली नाही तर ती घट्ट बसते. मी असे लोक पाहिलेत, वीस वर्षं इंग्रजी बोलतात आणि "आय ॲम हॅविंग" तसंच.

सुरसागरकाठ
मास्तर, तुमचं म्हणणं मी टिपून ठेवलंय. चूक दुरुस्त करायची कधी, हा माझाही प्रश्न आहेच.

दवाबिंदू
मी नर्स आहे, बावीस वर्षं झाली. चूक कधी दुरुस्त करायची यावर माझं उत्तर: जिथे चुकल्यानं नुकसान होईल तिथे लगेच, बाकी सगळं राहू द्या.

असं एक ठिकाण सांगते. मराठीत आपण विचारतो, "तुम्हाला कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही ना?" पेशंट म्हणतो, "हो." म्हणजे हो, बरोबर बोललात, नाहीये. गुजरातीतही "हा, नथी." इंग्रजीत असंच विचारलं, "यू डोन्ट हॅव एनी ॲलर्जी?" आणि पेशंटनं "यस" म्हटलं, की इंग्रजी ऐकण्याची सवय असलेल्या डॉक्टरला वाटतं आहे. आपण समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो, ते लोक वस्तुस्थितीला हो-नाही म्हणतात. आमच्या वॉर्डात यावरून एकदा फाइलवर लाल शेरा पडला होता. औषध बदललं, दोन दिवस फुकट गेले. तेव्हापासून मी पेशंटला नुसतं यस-नो म्हणू देत नाही. "नो ॲलर्जी" असं पूर्ण म्हणायला शिकवते.

ताई, तुमच्या बायकांना हे नक्की शिकवा. इमिग्रेशनच्या खिडकीवरही लागतं.

प्राची_ब
दवाबिंदूताई, हे मी आज आईला सांगणार. तिनं विचारलं तर. नाही, मीच सांगणार.

खमंग
ताई, एक करून बघा. आम्ही घरी मुलांचा खेळ म्हणून केलं होतं. प्रत्येकीला सांगा, सकाळी उठल्यापासून वर्गात येईपर्यंत तोंडातून गेलेले इंग्रजी शब्द लिहा, मराठी-गुजराती अक्षरात चालेल. ब्रश, पेस्ट, गॅस, कुकर, मिक्सर, लाइट, स्विच, टिफिन, रिक्षा स्टँड, चार्जर, रिचार्ज, बिल, टेन्शन. तुमच्या नऊ जणींना आत्ताच दोनेकशे शब्द येतात, त्यांना माहीत नाहीये एवढंच. भाषेत शून्य असलेलं माणूस आज बडोद्यात मिळणार नाही.

फतेगंजचा_मुकुल
मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, नंतर गुजराती, आणि मग एम. एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सला. तिथे शिकवणं इंग्रजीत. पहिलं सत्र मी शेवटच्या बाकावर बसून काढलं. प्रोफेसर हजेरी घेत तेव्हाचं "यस सर" एवढंच माझं इंग्रजी.

तोंड उघडलं ते हॉस्टेलमुळे. खोलीत केरळचा मुलगा आला. त्याला हिंदी जेमतेम, मला मल्याळम शून्य. पंखा किती वर ठेवायचा, खिडकी उघडी की बंद, डबा कोण आणणार, प्रत्येक गोष्ट इंग्रजीत भांडायला लागायची. तिथे व्याकरण बघायला कुणाला वेळ होता! "यू यस्टर्डे ओपन, टुडे आय क्लोज." त्याला कळायचं. दिवाळीपर्यंत मी वर्गात प्रश्न विचारायला लागलो.

मुद्दा असा की समोर असा माणूस हवा ज्याला आपली भाषा येतच नाही. तुमच्या वर्गात नऊ जणींना ठाऊक आहे की ताईंना मराठी येतं. मग कशाला तोंड वाकडं करायचं? आमच्या युनिव्हर्सिटीत बाहेर देशांतून आलेल्या मुली आहेत. एखादीला घरी बोलवा. शिकवायला नाही, शिकायला. तिला पुरणपोळी शिकवा.

निशिगंध
मुकुल, काय बोललास! इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ दरम्यान बंगलोर आणि मद्रासकडच्या शाळांमध्ये हेच करून पाहिलं होतं. व्याकरणाचा धडा नाही, मुलांना नुसतं काम द्यायचं: नकाशा बघून वाट शोध, रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी निवड. मन कामात गुंतलं की भाषा मागून येते, हा त्यांचा विचार. पुढे जगभर त्याचं नाव झालं.
आणि शिक्षकानं आधी नुसतं सांगायचं, शिकणाऱ्यानं करून दाखवायचं, बोलायची सक्ती नाही, ही पद्धत अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी मांडली. "स्टँड अप, ओपन द डोअर, गिव्ह मी द प्लेट." काकूंसाठी पहिले चार दिवस तेवढंच करा. कानाला आधी सवय, मग तोंडाला.

शेवउसळ
पुरणपोळीचा वर्ग झाला की उरलेल्या पोळ्या कुठे मिळतील, तेही लिहा. मी प्रतापनगरहून चालत येईन.

मांजलपूरकर
+१. तूप मी आणतो.

सुरसागरकाठ
तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतलेत. उद्या गुरुवार. तक्ता पुसतेय.

---

सुरसागरकाठ
पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

पहिल्या दिवशी खमंग यांचा खेळ. फळा भरला, १६३ शब्द झाले. ब्लाऊजवाल्या ताईंनी एकट्यांनी ४१ सांगितले, कारण त्यांच्या धंद्यात फॉल, बॉर्डर, लाइनिंग, हूक, फिटिंग, सगळं इंग्रजीच आहे. त्या म्हणाल्या, "बेन, आ बद्धुं इंग्लिश छे?" मी म्हटलं, सगळं. त्या दिवशी प्रथमच वर्ग सुटल्यावर कुणी लगेच उठेना.

मग रेवाताईंचं "हॅव". मी ते तुमच्या शब्दांत तसंच्या तसं सांगितलं. चार दिवस सगळ्यांच्या तोंडी तेच. आय हॅव शुगर, आय हॅव टू नणंद, आय हॅव लाइट बिल. पालकसभेवाल्या मुलीनं "आय हॅव वन क्वेश्चन" हे वाक्य वेगळं लिहून पर्समध्ये ठेवलं.

मुकुल, तू सुचवलंस ते पितृपक्ष संपल्यावर केलं. युनिव्हर्सिटीतली टांझानियाची एक विद्यार्थिनी आली, ओळखीतून. तिला स्वाहिली आणि इंग्रजी येतं. पुरण आम्ही आधीच वाटून ठेवलं होतं. मी ठरवून स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि आत जायचं नाही म्हणून स्वतःला बजावलं.

पाच मिनिटं नुसता भांड्यांचा आवाज. मग मुलीनं लाटणं दाबून धरलं असावं, पोळी फाटली. आणि आमच्या काकूंचा आवाज आला, सहा आठवडे ज्या वहीत बघत होत्या त्यांचा: "नो नो नो. स्लोली. सॉफ्ट हँड. सॉफ्ट हँड." हलक्या हातानं लाट, याला मला स्वतःला पटकन इंग्रजी सुचलं नसतं. मुलीनं विचारलं, "लाइक धिस?" काकू म्हणाल्या, "यस. नाऊ राउंड. नाऊ यू हॅव गुड पोळी." त्यानंतर कोण काय बोलतंय ते कळेना, इतक्या सगळ्या बोलत होत्या. गुजराती बायकांनी तिला वेढमी म्हणायला शिकवलं, मराठी बायकांनी पुरणपोळी, आणि दोन्ही एकच की वेगळं यावर त्यांचं तिच्यासमोर इंग्रजीत भांडण झालं. "सेम!" "नॉट सेम! वेढमी, तूर. पुरणपोळी, हरभरा!" मी बाहेर डोळे पुसत बसले होते.

मास्तर, तुमचंही ऐकलं. आता दर शनिवारी शेवटची दहा मिनिटं व्याकरण. आठवड्यात झालेल्या चुकांपैकी एकच निवडायची, कुणाची ते सांगायचं नाही. बायकाच मागतात.

गोळे_मास्तर
एक चूक, नाव न घेता. ठीक आहे. मी नोकरीत असताना नाव घेऊन सांगत असे. कधी बोलावलंत तर एका शनिवारी येईन.

सुरसागरकाठ
येत्याच शनिवारी या मास्तर, वाट बघते.

मांजलपूरकर
ताई, पालकसभा झाली का त्या मुलीची?

सुरसागरकाठ
झाली. चिठ्ठी हातात धरून "आय हॅव वन क्वेश्चन" म्हणाली. पुढचा प्रश्न गुजरातीत विचारला. बाईंनी थांबून गुजरातीत उत्तर दिलं. तिला वाटलं होतं तो प्रश्नही इंग्रजीत यायला हवा होता. मी म्हटलं, मुलाच्या गणिताचं कळलं ना? कळलं, म्हणाली.

प्राची_ब
आणि काकू? रविवारचा कॉल?

सुरसागरकाठ
तेच राहिलं होतं. परवा रविवारी एकादशी होती. काकूंनी मला मुद्दाम सकाळी बोलावून घेतलं, धीर म्हणून. मी फोनच्या मागे बसले, दिसणार नाही अशी.

नातवानं विचारलं, "आजी, डिड यू ईट ब्रेकफास्ट?" काकू हसल्या. माझ्या पोटात गोळा आला. मग म्हणाल्या, "से अगेन. स्लोली." त्यानं परत विचारलं, एक एक शब्द सुटा करून. काकू म्हणाल्या, "नो. आय हॅव उपवास."

"व्हॉट इज उपवास?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "टुडे एकादशी. नो राइस. नो पोळी. आय ईट साबुदाणा." आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या, भिजवलेल्या साबुदाण्याचं पातेलं आणून फोनसमोर धरलं, चार दाणे बोटात घेऊन चिरडून दाखवले. "सी. सॉफ्ट." तो पोरगा स्क्रीनला नाक लावून बघत होता. "इट्स लाइक लिटिल बॉल्स!" "यस," काकू म्हणाल्या, "लिटिल बॉल." सतरा मिनिटं फोन त्याच्याच हातात होता. शेवटी बापाला मागून घ्यावा लागला.

दवाबिंदूताई, हो-नाहीचं मात्र अजून घोळतंय. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "यू आर नॉट हंग्री?" आणि काकू ठामपणे म्हणाल्या, "यस!" तो बिचारा काळजीत पडला, त्यानं आईला हाक मारून सांगितलं की आजीला भूक लागलीय. गुरुवारी परत तेच घेणार आहोत.

प्राची_ब
ताई, तुमचा वर्ग तीन वाजताच असतो ना? आईला घेऊन येते. ती आत बसेल, मी बाहेर ओट्यावर थांबेन.

सुरसागरकाठ
तीनला. वाड्याच्या दारावर पिवळा दिवा आहे, दुपारीही चालूच असतो. तुम्हीही आत या, त्यांच्या शेजारी बसा.